कव्हर घालू का?

नेगीशींच्या पुस्तकांच्या दुकानाला दारातच एक पाटी होती. त्यांनी स्वतः काळ्या शाईत ब्रश बुडवून लिहिलेली: ‘फोन खिशात ठेवून आत यावे. इथे पुस्तके आहेत.’

आमच्या बाजारगल्लीत बत्तीस दुकानं. त्यातली अकरा उघडी, बाकीच्यांची शटरं गंजून जागच्या जागी चिकटलेली. अशा गल्लीत आलेल्या गिऱ्हाइकाला दारातच दटावणारा माणूस एकतर मूर्ख असतो, नाहीतर तत्त्वाचा. नेगीशी तोमोहारु हे सत्तरीतले गृहस्थ थोडे थोडे दोन्ही होते. असा एखादा माणूस तुमच्या-माझ्याही घरात असतोच. कधी तो आजोबांच्या रूपात असतो, कधी शेजाऱ्याच्या, आणि खरं सांगायचं तर कधी आपल्याच रूपात.

फोनवर पुस्तक वाचणाऱ्यांविषयी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. “पुस्तक वाचणाराही मान खाली घालतो आणि फोनवालाही. फरक एवढाच, की पहिला वाचतो आणि दुसरा चरतो.”

गिऱ्हाईक हसायचं. नेगीशी स्वतः मात्र हसायचे नाहीत, म्हणून ते जास्तच हसू यायचं.

मग ते विचारायचे, “कव्हर घालू का?”

पुस्तक विकलं की त्याला दुकानाचा कागद चढवायचा ही आमच्याकडची जुनीच रीत. नेगीशींचा कागद बदामी, त्यावर फिकट छापलेली पर्सिमनची, टोमॅटोएवढ्या केशरी फळांची, एक फांदी. वरून एक घडी, खालून एक घडी, कडा आत सरकवल्या की पुस्तकाचं नाव झाकलं जायचं. गाडीत बसा, बाकावर बसा, कुणाला कळायचं नाही तुम्ही काय वाचताय ते. रोज सकाळी दुकान झाडून झालं की नेगीशी अशी पन्नासेक कव्हरं घडी घालून ठेवायचे. पन्नास पुस्तकं खपायचे दिवस जाऊन जमाना झाला होता, पण कव्हरं पन्नासच.

दुपारी गल्ल्यामागच्या खुर्चीत त्यांची बायको सुझुयो वाचत बसायची. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, त्यातली एकही दुपार चुकली नसेल. स्टोव्हवर किटली, मांडीवर बदामी कागदातलं पुस्तक. नेगीशी गिऱ्हाइकांना बोट दाखवून सांगायचे, “खरा वाचक बघायचाय? तो बघा. उगाच तोक्योला जाऊ नका.”

सुझुयो मान वर करायची नाही. तिला हे ऐकून आधी बरं वाटायचं, मग सवय झाली, आणि शेवटी शेवटी भीती वाटायला लागली. ती कशाची, ते आता सांगते.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी, थंडीच्या तोंडाशी, पर्सिमन सोलून वाळवायला दोरीला टांगायच्या दिवसांत, तिने एक पुस्तक नवऱ्यापुढे धरलं.

“अहो, ह्याच्या ओळी वाकड्या छापल्यात का?”

नेगीशींनी पान उजेडात धरलं. आमच्या लिपीतल्या वरून खाली उतरणाऱ्या ओळी, पावसाच्या सरींसारख्या सरळ.

“कुठे वाकड्या?”

“इथे, मध्ये. शेवया लोंबतात तशा.”

“ओळी सरळ आहेत. तुझे डोळे वाकडे झालेत. चिनात्सुच्या फोनमध्ये डोकं खुपसून नातीचे फोटो बघत बसतेस ना, त्याचं फळ.”

चिनात्सु त्यांची मुलगी, नागोयाला असते. ती आली होती तेव्हा सुझुयोने फोटो पाहिले होते खरे. एकूण दहा मिनिटं पाहिले असतील.

“असेल,” सुझुयो म्हणाली. त्यानंतर तिने ओळींचा विषय काढला नाही.

तिने चष्मा बदलला. महिन्याभराने पुन्हा बदलला. ओळी वाकतच राहिल्या. मग नव्या वर्षाला चिनात्सुने आपला जुना फोन आईला दिला. “आई, ह्यात पुस्तकंपण येतात. दोन बोटांनी असं ताणलं की अक्षर वाटेल तेवढं मोठं होतं.” सुझुयोने ताणलं. अक्षर बोराएवढं झालं, मग पर्सिमनएवढं. मधोमध जिथे धूसर व्हायचं, तिथेही एवढं मोठं अक्षर कडेकडेने ओळखू यायचं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीला वाटलं, नातीचा फोटो पाहून आलं.

पण त्या दारावर पाटी होती! आणि पाटी लिहिणारा माणूस त्याच घरात जेवत होता.

सुझुयोने पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापले, पुस्तकाच्या मापाचे. एका तुकड्याला आतून फोन बसवला, दोन्ही जोडले आणि वरून दुकानाचा बदामी कागद चढवला. घडी इतकी सुबक, की नेगीशींनी बाहेरून पाहिली असती तर शाबासकी दिली असती. पाहिलीच होती म्हणा, रोज. आणि रोजच्यासारखं गिऱ्हाइकांना सांगतही होते, “तो बघा खरा वाचक.”

वर्षभर हे चाललं. वर्षभरात फोनवरच्या ओळीही वाकायला लागल्या, पण ओळी चारच असल्या की वाकलेल्याही वाचता येतात. इतर गोष्टी मात्र वाचता येत नव्हत्या. सुझुयोने चहा कपाच्या शेजारी ओतला. नेगीशी म्हणाले, “लक्ष कुठे असतं?” माशाच्या रश्शात काटे राहिले. ते म्हणाले, “वय झालं तुझं.” एकदा तिने गिऱ्हाइकाच्या पुस्तकाला कव्हर उलटं घातलं, पर्सिमनची फांदी खाली डोकं वर पाय. नेगीशींनी ते सगळ्यांसमोर काढून पुन्हा घातलं आणि म्हणाले, “मालकीणबाईंचं मन पुस्तकात गुंतलंय.”

बायकोचं मन कुठे गुंतलंय ते नवऱ्याला माहीत असतं, असं म्हणतात. मी काही खात्री देणार नाही.

जानेवारीतला एक गुरुवार. बाहेर बर्फ, आत स्टोव्हजवळ ओदागिरीबाई चहा पीत बसलेल्या. ह्या बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर फिरत्या वाचनालयाची गाडी त्यांनी अठ्ठावीस वर्षं स्वतः हाकली. दर गुरुवारी एक पुस्तक घ्यायच्या आणि त्याबरोबर नेगीशींची थोडी सालटीही काढून जायच्या.

“पाटीची शाई फिकी झाली, नेगीशीसान. नवी लिहा. ही वाचायलासुद्धा कुणी येत नाही.”

“लिहितो. मोठ्या अक्षरात लिहितो.”

“वा. म्हणजे मोठं अक्षर चालतं तुम्हाला.”

सुझुयो किटली उचलायला उठली. तिची बाही खुर्चीच्या हाताला अडकली आणि मांडीवरचं पुस्तक खाली पडलं. पुस्तक पडलं की धप्प आवाज होतो. हा आवाज टक्क असा झाला. कागद उलगडला आणि त्यातून फोन घसरत नेगीशींच्या पायाशी येऊन थांबला. पडदा उजळलेला. पडद्यावर चार ओळी, एकेक अक्षर अंगठ्याएवढं.

नेगीशींनी तो उचलला. 

“हे काय आहे?”

“फोन,” सुझुयो म्हणाली.

“ते दिसतंय मला. माझ्या कागदात काय करतोय?”

सुझुयो खाली वाकून पुठ्ठे गोळा करू लागली.

“मी सगळ्या गावाला सांगत फिरतो, खरा वाचक माझ्या घरात आहे म्हणून. आणि तू इथे बसून चरतेस?”

“चरत नाही. वाचते.”

“एवढाल्या अक्षरात? हे काय वाचन झालं? ह्या तर दुकानाच्या पाट्या झाल्या.”

“पाट्या म्हणा,” सुझुयो म्हणाली. “तेवढंच दिसतं मला.”

ती हे अगदी साध्या आवाजात बोलली. नेगीशींच्या कानावरून ते गेलं. ते कागदाची चुरगळलेली घडी बघत होते. पण ओदागिरीबाईंनी कप खाली ठेवला.

“सुझुयोसान, म्हणजे कसं दिसतं?”

“मध्ये धूसर. आणि ओळी वाकतात.”

“कधीपासून?”

“गेल्याच्या आदल्या साली. पर्सिमन टांगले तेव्हापासून.”

ओदागिरीबाई उठल्या. फळीवरून त्यांनी चौकटीच्या कागदाचं एक पुडकं काढलं. शाळेत निबंध लिहायला लागतो ना तो, चारशे घरांचा. एक ताव सुझुयोपुढे धरला. “डावा डोळा झाका. उजव्याने मधोमध बघा. घरं सरळ आहेत?”

“कडेची आहेत.”

“आणि मधली?”

सुझुयोने बराच वेळ बघितलं. “मधली नाहीतच. तिथे चहाचा डाग पडलाय.”

कागद कोरा होता. नेगीशींनी तो वाकून पाहिला. कोराच होता.

“आता उजवा झाका.”

“ह्याने घरं दिसतात. पण मधली आत ओढल्यासारखी. कुणी चिमटीत धरल्यासारखी.”

“माझा थोरला भाऊ म्हणायचा, रस्त्यावरचे विजेचे खांब वाकलेत,” ओदागिरीबाई म्हणाल्या. “आम्ही घरातली सगळी हसलो. त्याला साके कमी पी म्हणालो. तो प्यायचाच नाही.” मग त्या नेगीशींकडे वळल्या. “उद्या सकाळची पहिली गाडी. दुकान बंद ठेवा.”

दवाखाना जिल्ह्याच्या शहरात, गाडीने दीड तास. सुझुयो खिडकीशी बसली. समोर सगळे फोनवर मान खाली घालून बसलेले. नेगीशींना एरवी ह्यावर काहीतरी सुचलं असतं. त्या दिवशी काही सुचलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि खोटं बोलत नव्हत्या. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मधोमध नको तिथे रक्तवाहिन्या वाढल्यात, म्हणाल्या. उजव्याचं मधलं गेलं, ते परत येणार नाही. डाव्यात सुरुवात होऊन गेली आहे. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, सुरुवातीला दर महिन्याला. टिकलं तर टिकेल.

“हे फोनमुळे झालं ना?” नेगीशींनी विचारलं.

त्यांच्या आवाजात जे होतं त्याला मी आशाच म्हणेन. ‘हो’ म्हणाल्या असत्या, तर त्या माणसाला उरलेलं आयुष्य सोपं गेलं असतं.

“नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “फोनचा ह्यात दोष नाही. वयाने होतं. ओळी पहिल्यांदा वाकल्या तेव्हा आला असतात, तर दोन्ही डोळे वाचायची खूप शक्यता होती. चौदा महिने कसं निभावलंत?”

“अक्षर मोठं करत गेले,” सुझुयो म्हणाली.

परतीच्या गाडीत नेगीशी म्हणाले, “मला सांगायचंस तरी.”

“सांगितलं होतं.”

नेगीशींनी हातातलं तिकीट दुमडलं. मग म्हणाले, “पुन्हा सांगायचं होतंस.”

“दवाखान्यात जाते म्हटलं असतं, तर कशाने झालं ते तुम्ही विचारलं असतं. मग फोन निघाला असता. मग तुम्ही म्हणाला असता, बघ, मी सांगत होतो.” सुझुयोने खिडकीकडे तोंड केलं. “फोन लपवायचा तर डोळेही लपवावे लागले. एक झाकलं की दुसरं झाकावंच लागतं.”

पुढच्या गुरुवारी ओदागिरीबाई आल्या तेव्हा पाटी दारावर तशीच होती. नेगीशी गल्ल्यामागे बसून कव्हरं घडी घालत होते. पन्नास होऊन गेली होती, तरी घालतच होते.

“डॉक्टर काही म्हणोत,” ते म्हणाले. “तो फोन नसता, तर तिला वाचता आलं नसतं. वाचता आलं नसतं, तर माझ्या लक्षात आलं असतं.”

“चहा शेजारी ओतला, तेव्हा आलं लक्षात?”

नेगीशींनी आणखी एक कागद पुढे ओढला.

“कव्हर उलटं घातलं, तेव्हा?”

“ओदागिरीसान, मला काही सुनवायचंच असेल तर सरळ बोला.”

“सरळच बोलते.” बाईंनी एक घडी घातलेलं कव्हर उचललं. “हे तुम्ही कशाला घालता?”

“रीत आहे.”

“रीत कशासाठी आहे?”

“लोकांना दिसू नये म्हणून. आपण काय वाचतो ते आपलं आपल्यापाशी.”

“म्हणजे, काय वाचता ते कुणी विचारू नये, म्हणून तुम्ही आयुष्यभर कागद दुमडलात. मी तुमच्याकडून काय काय नेलंय! तुम्ही कधी भुवई वर केली नाहीत. तुमच्याइतका सभ्य पुस्तकवाला मी पाहिला नाही. मग कशावर वाचता हे विचारायला दारावर पाटी कशाला लावलीत? डोंगरातल्या म्हाताऱ्या माझ्या गाडीतून पुस्तकं न्यायच्या आणि भाताच्या टोपलीत लपवायच्या, सासू हसेल म्हणून. तुम्ही त्या सासूचं काम केलंत, नेगीशीसान. तेही पुस्तकाच्या नावाने.”

“मला पुस्तकं वाचवायची होती.”

“कुणासाठी?” ओदागिरीबाई म्हणाल्या. “गावात एक वाचक उरला होता. तुमच्याच घरात.”

नेगीशींनी हातातलं कव्हर खाली ठेवलं. ते उठले, दाराशी गेले आणि पाटीचे चार खिळे एकेक करून काढले. चौथा निघेना. गंजला होता. ते बराच वेळ त्याच्याशी झटत राहिले, आणि पाठमोरे होते म्हणून बरं, कारण सत्तर वर्षांच्या माणसाचा चेहरा तशा वेळी बघण्यासारखा नसतो. आत सुझुयोने विचारलं, “कसला आवाज येतोय?” ओदागिरीबाई म्हणाल्या, “काही नाही. साफसफाई.”

इथे गोष्ट संपवता आली असती. माणूस सुधारला, सगळं नीट झालं, असं म्हणून. पण मन पालटलं म्हणून डोळा पालटत नाही.

इंजेक्शनांनी डावा डोळा पाच महिने टिकला. त्या पाच महिन्यांत सुझुयोने उघड्यावर, खुर्चीत बसून, फोनवर वाचलं. जूनमध्ये एका सकाळी त्या डोळ्यातही आत रक्त उतरलं. आता एका पडद्यावर एक अक्षर ठेवलं तरी तिला ते दिसत नाही. कडेकडेचं दिसतं, खिडकीची चौकट, फळीचं टोक. नवऱ्याचा चेहरा बघायचा असला, की ती त्याच्या कानाकडे बघते. मग म्हणे कडेने चेहरा थोडा सापडतो. नेगीशींना ते अजून सहन होत नाही. ते तोंड फिरवतात आणि मग तिला कानही सापडत नाही.

दुकानात आता गल्ल्यावर चारशे घरांचा एक ताव चिकटवलेला आहे. पुस्तक द्यायच्या आधी नेगीशी गिऱ्हाइकाला एकेक डोळा झाकायला लावतात. “घरं सरळ आहेत? नक्की? पुन्हा बघा.” लोक कंटाळतात. एकदा तांदूळवाल्याच्या सासूला घरं वाकडी दिसली. ती वेळेवर गेली आणि तिचे डोळे वाचले. नेगीशींनी आत येऊन सांगितलं तेव्हा सुझुयो म्हणाली, “बरं झालं.” रात्री अंथरूण घालताना पुन्हा एकदा म्हणाली, “बरं झालं हो.”

ऑगस्टमधल्या एका दुपारी ती गल्ल्यामागच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर काही नव्हतं. हात मात्र पुस्तक धरल्यासारखे. नेगीशींनी ते पाहिलं. ते खणातून तिचा फोन घेऊन आले आणि चष्मा कपाळावर सरकवून बोटाने चाचपडत बसले.

“तू कुठवर आली होतीस?”

“कशात?”

“तू वाचत होतीस त्यात.”

“त्यालाच विचारा. त्याला आठवतं.”

खरंच आठवत होतं. फोन उघडला तो त्याच पानावर. तीच अंगठ्याएवढी अक्षरं, जूनपासून तशीच थांबलेली. नेगीशींनी घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. चार ओळी वाचून ते अडले.

“ही बाई कोण? बंदरावर कुणाची वाट बघतेय?”

“तिची बहीण. मागचं तुम्हाला माहीत नाही. सांगते.” आणि सुझुयोने पुस्तकाचा अर्धा भाग सांगितला. सांगताना तिचा चेहरा उजळला. त्रेचाळीस वर्षांत आपण तिला कधी विचारलं नव्हतं, काय वाचतेस. ही सभ्यता होती की दुसरं काही, ते नेगीशींना ठरवता येईना.

ते पुन्हा वाचू लागले. ती म्हणाली, “फार भरभर वाचता तुम्ही. मी ओळीवर थांबायचे.”

“कुठल्या ओळीवर?”

“ते वाचताना कळायचं. सांगता नाही यायचं.”

ते हळू वाचू लागले. पण तिची ओळ कुठली, ते त्यांना सापडत नव्हतं आणि सापडणारही नव्हतं. दुकानाच्या काचेतून गल्ली दिसत होती. एक-दोन माणसं थबकून आत बघून गेली.

“कुणी बघतंय का?” सुझुयोने विचारलं.

“बघतायत.”

“तुम्ही फोन वाचताय ते? कव्हर घातलंय का त्याला?”

“नाही,” नेगीशी म्हणाले. “दिसू दे.” आणि त्यांनी अक्षर बोटांनी अजून थोडं मोठं केलं, कारण आता त्यांनाही ते दिसेनासं झालं होतं. डोळे भरले की असं होतं. त्याला इंजेक्शन लागत नाही.

वाचकहो, नव्या वस्तूंवर हसायला आपल्याला काही लागत नाही, आणि सगळ्याच नव्या वस्तू भल्या असतात असंही नाही. पण आपल्या माणसाच्या हातात काही नवं दिसलं, की हसण्याआधी त्याला एवढंच विचारावं, जुनं का सुटलं? कदाचित सहज सुटलं असेल. कदाचित त्याला ते धरवत नसेल आणि तो कुणालाच सांगू शकत नसेल. आपण हसलो, की तो ते झाकतो, आणि झाकलेलं झाकलेल्या जागीच सडतं.

नेगीशींनी विचारायला हवं होतं. ते विचारलं ओदागिरीबाईंनी, चौदा महिने उशिरा.